पांढऱ्या गाईखाली

खूणच होती ती. दुसरं काय असणार? कुरणाच्या मधोमध पांढऱ्या रंगाचा एक फराटा, अंगठ्याएवढा – तुझ्या बापाची सवयच होती ती, कोलेता. आधी बस तू. ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो, बाकावर बस. आणि चित्र असं मांडीवर घेऊन काय बसतेस, ठेव की भिंतीला टेकवून – नाही, नाही, कापड काढू नकोस. राहू दे. मला माहितीये कसं दिसतं ते. चाळीस वर्षं झाली तरी त्या गाईचा एकेक केस मला पाठ आहे, मीच काढलीये ती. कॉफी घे. चिकोरी जास्त पडलीये, लढाईत खरी कॉफी मिळेना तेव्हापासून हात तसाच बसलाय, तोंड वाकडं करू नकोस. तर मी काय म्हणत होतो – खूण.

तू लहान होतीस, तुला कोण सांगणार हे. तुझा बाप म्हणजे आभाळ. लीव्हन ओस्टरलिंकचं आभाळ बघायला माणसं गेंटहून यायची. आभाळ, पाणी, नदीकाठची ती खुंटलेली झाडं, ओलं कुरण – त्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या फ्लँडर्समध्ये नव्हता. पण गाय काढली की पलंग व्हायचा. चार पाय आणि वर गादी! आणि माणूस काढला तर बटाट्याचं पोतं. हसतेस काय, तो स्वतःच हसायचा. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं, तेव्हा सगळे तसंच करायचे – आभाळवाला आभाळ करायचा, गाईवाला गाई. मी गाईवाला. गाई, मेंढ्या, फार तर एखादं गाढव. जुन्या गोठ्याच्या दोन खोल्या करून राहायचो आम्ही, मध्ये फळ्यांची भिंत. तो त्याचं पुरं करायचा, जिथं जनावर हवं तिथं पांढऱ्या रंगाचा फराटा ओढायचा, भिंतीवर थाप मारायचा आणि ओरडायचा, ‘सेराफ, सोड रे गाई!’ – की मी ब्रश घेऊन पलीकडे. अठरा वर्षं. किती चित्रं झाली असतील, मोज तूच. खाली सही त्याची. एकट्याची. नाही, तक्रार नाही करत मी, रीतच होती तशी, गाईखाली कोण सही करतं? मला कधी वाटलंही नाही की – म्हणजे वाटायचं. कधीतरी वाटायचं. माणूस आहे मी पण.

तर ते चित्र. मला सगळं लख्ख आठवतंय, म्हातारा झालो म्हणून समजू नकोस. तो तुला घेऊन कोर्ट्राइकला निघाला होता, आत्याकडे, तुला डांग्या खोकला झाला होता – खोकून खोकून निळी पडायचीस तू. ऑगस्ट होता. नदीत जवस कुजत घातलेलं, धागा सुटावा म्हणून, गावभर तो वास, त्या वासानं तुझा खोकला वाढतो असं डॉक्टर म्हणाला. आणि नेमकी गेंटच्या प्रदर्शनाला चित्रं पाठवायची तारीख आलेली. त्यानं किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाला, ‘सेराफ, गुरुवारी बोटवाला येईल, एवढं बांधून त्याच्याकडे दे.’ आणि गेला. झालं. मी दार उघडलं, चित्र इझलवर होतं, मधोमध पांढरा फराटा. आता अठरा वर्षांच्या सवयीचा माणूस काय करेल? त्याला वाटणार, घाईत सांगायचं राहिलं बिचाऱ्याचं, पोर आजारी, बायको दीड वर्षापूर्वी गेलेली, डोकं ठिकाणावर नाही. मी गाय सोडली. पांढरीच, कारण खूण पांढरी. दोन दिवसांत केली, रंग लवकर वाळावा म्हणून सुकवणी घालून, पातळ हातानं, गुरुवारी बोटीवर चढवली. एवढीच गोष्ट आहे. चूक झाली. प्रामाणिक चूक. गावात कुणालाही विचार, चाळीस वर्षं मी हेच सांगत आलोय.

आणि गाय काय झाली होती म्हणून सांगू! तुझ्या बापासमोर नसतं बोललो, पण खरं ते खरं – तशी गाय मी आधी काढली नव्हती, नंतर काढली नाही. मान वळवून बघतीये, कुशीवर ढगाची सावली पडलीये, नाकाला ओल. प्रदर्शनात लोक तिच्यापुढे उभे राहायचे. पेपरात आलं होतं, ‘ओस्टरलिंक यांची धवल गाय’ – ओस्टरलिंक यांची! – आणि पदक मिळालं. हे बघ, ते चुलीमागे खिळ्याला लटकतंय ना, तेच. नको, हात नको लावूस, काजळी आहे. ते माझ्याकडे कसं? त्यानंच दिलं. प्रदर्शन सुरू झालं त्या दिवशी तो कोर्ट्राइकहून परस्पर गेंटला आला, त्याला काही ठाऊक नव्हतं. मी नव्या कॉलरमध्ये चित्राशेजारी उभा, वाट बघत, आता पाठीवर थाप मारील म्हणून. तो आला. बघितलं. खूप वेळ बघितलं. टोपी हातात होती त्याच्या, तिची कड बोटांनी फिरवत राहिला, गोल गोल. मग म्हणाला, ‘गाय छान झालीये, सेराफ.’ बस. आवाज चढवला नाही, काही नाही. त्यानं माझ्या मुस्कटात मारली असती ना, तर मी आज असा – जाऊ दे. पुढच्या आठवड्यात पदक आलं तसं त्यानं ते आणून माझ्या टेबलावर ठेवलं. ‘हे तुझं.’ आणि चित्र घरी आणून भिंतीकडे तोंड करून लावलं. एक दारूभट्टीवाला तीनदा आला मागायला, त्याला नाही दिलं.

ते तुला आठवत असणारच. भिंतीकडे तोंड केलेलं चित्र. तू त्याच्यामागे बाहुल्या लपवायचीस.

आणि त्यानंतर भिंत वाजली नाही. कधीच नाही. अकरा वर्षं जगला तो पुढे, रोज पहाटे खांद्याला पेटी अडकवून नदीवर जायचा, आणि काढायचा काय? रिकामी कुरणं. ना गाय, ना मेंढी, ना माणूस, ना साधं बदक! मी फळ्यांच्या अलीकडे बसून राहायचो, ब्रश धुवून ठेवलेले. दुसऱ्यांची बोलावणी यायची, त्यांच्याकडे गेलो, गाई सोडल्या, पोट भरलं. पण कान भिंतीकडे. आणि आता ते चष्मेवाले प्राध्यापक – वाचलंस ना तू ते पुस्तक? – काय लिहितात, ‘ओस्टरलिंक यांच्या उत्तरकाळातील निर्जन कुरणांत मानवी आत्म्याचा एकांत’ वगैरे वगैरे. कसला आत्मा आणि कसला एकांत! त्याला माझ्या गाई नको होत्या, एवढंच होतं ते. माझा हात त्याला पुन्हा त्याच्या कॅनव्हासवर नको होता. त्याच रिकाम्या कुरणांमुळे तो मोठा झाला म्हणतात. झाला असेल. मला त्यातलं एकही चित्र धड बघवत नाही.

काय? हो, माहितीये. पांढरा रंग म्हातारा झाला की पातळ दिसायला लागतो, खालचं वर येतं. त्यातून मी हात पातळ ठेवलेला. तू घर आवरायला काढलंस, चित्र उलटं केलंस, खिडकीशी नेलंस आणि गाईच्या पोटात तुला कुणीतरी उभं दिसलं. पत्रात लिहिलं होतंस ना तू, मी चारदा वाचलं ते पत्र. पण पोरी, खालच्या फराट्यात माणसाला काहीही दिसतं. ढगांत नाही का दिसत? तुझ्याकडे आईचा फोटो नाही, एकही नाही – गेंटला जाऊन काढू, पुढच्या जत्रेला काढू, करता करता ती गेलीच – तू अडीच वर्षांची होतीस, तुला तिचं काही म्हणजे काही आठवत नाही. मग तुला गाईच्या पोटात आई दिसली तर नवल काय. मी तुला दोष देत नाही. पण ती खूण होती.

कोण? गेंटचा कोण? चित्रं साफ करणारा. तू आधी त्याला दाखवलंस. बरं. मग माझ्याकडे कशाला आलीस? काय म्हणाला तो?

वार्निश.

गाय आणि तिच्या खालचं, यांच्या मध्ये वार्निश आहे म्हणाला. अख्ख्या चित्रावर नाही, तेवढ्याच जागी. हातभर.

हुशार दिसतो माणूस. तरुण आहे का? असेल. थांब जरा. कॉफी – नको तर नको. तू आल्यापासून तुला ठाऊक होतं हे, होय ना? आणि मला बोलू दिलंस. खूण, खूण, खूण. शांतपणे ऐकत बसलीस, टोपी मांडीवर घेऊन, बापासारखी. खिडकी लाव ती. शेजाऱ्याची कबुतरं शर्यतीहून परतायची वेळ झालीये, तो त्यांना बोलवायला अंगणात डबा वाजवत उभा असेल, मला आत्ता कुणाचा आवाज नकोय. खूण झाकायच्या आधी तिच्यावर वार्निश कोण लावतं? हेच विचारायचंय ना तुला? कुणी लावत नाही. खूण म्हणजे खूण, तिच्यावर रंग मारायचा आणि मोकळं व्हायचं. वार्निश माणूस तेव्हा लावतो, जेव्हा खालचं जपायचं असतं.

आठ महिने भिंत वाजली नव्हती, कोलेता. तुझी आई आदल्या वर्षी मार्चमध्ये तापानं गेली, तो उन्हाळा गेला, मग त्यानं ते चित्र घेतलं आणि दार आतून बंद. अख्खा हिवाळा, अख्खा वसंत. मी म्हटलं, दुःखात आहे, राहू दे. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं – खरवडण्याचा आवाज. काढायचा, खरवडायचा, परत काढायचा. आभाळ खरवडणारा माणूस नव्हता तो, आभाळ त्याला एका हातात जमायचं. मला कळेना काय चाललंय. मग त्यानं किल्ली दिली आणि मी आत गेलो.

हिरवं कुरण, त्यावर धुतलेल्या चादरी पसरलेल्या, उन्हात पांढऱ्या व्हायला. आणि मध्ये ती. वीतभरही नव्हती. कसली खूण आणि कसला फराटा! बाई होती, पायापासून टोपीपर्यंत बाई. काढली होती वाईट, ते खरं सांगतो, हात कोपरात जोडलाय का खांद्यात कळत नव्हतं, घागरा घंटेसारखा. तोंड म्हणजे नुसता एक ठिपका. पण एक हात टोपीवर होता. तुझ्या आईची टोपी कधी डोक्यावर ठरायची नाही, वारा असो नसो, चालता चालता तिचा हात असा वर जायचा, तळवा उघडा, कोपर बाहेर – आणि मान डावीकडे. सगळं गाव तिला लांबून त्या हातावरून ओळखायचं. मी दारातून ओळखली. दारातून! खोलीत पाऊलही टाकलं नव्हतं. मी मोठ्यानं म्हणालो, ‘मेलानी’. असा भास झाला की ती आता टोपी सोडील आणि म्हणेल, काय रे सेराफ, पाय पूस आधी.

रडलो का? विचारलंच आहेस तर सांगतो, नाही. रडलो असतो तर बरं झालं असतं. मला राग आला. अठरा वर्षं माझ्याशिवाय त्याच्या कुरणात शेळीसुद्धा शिरली नव्हती, आणि ज्या चित्राची त्याला सगळ्यात जास्त गरज होती, त्यात त्यानं मला बोलावलं नाही. मी काढली असती की तिला! नीट काढली असती, चेहऱ्यासकट, नाकावरच्या तिळासकट. त्यानं भिंत वाजवायची होती नुसती. पण नाही – स्वतःच्या त्या पलंग काढणाऱ्या हातानं, आठ महिने खरवडून खरवडून – आणि जमलं होतं त्याला, तेच तर. वाईट काढलेली होती आणि जिवंत होती. माझ्या सगळ्या गाई मिळून जेवढ्या जिवंत नसतील तेवढी. मी स्वतःला सांगितलं, गेंटला लोक हसतील, त्याचं नाव जाईल, मी त्याला वाचवतोय. मग वार्निशची बाटली घेतली. का घेतली? खाली ती असताना तिच्यावर थेट रंग घालायला माझा हात उचलेना, म्हणून. भीती वाटली. की थोडी लाज – लाज तेव्हाच वाटत होती, कोलेता, नंतर नाही. वार्निश लावताना मी तिला म्हणालो, ‘जरा वेळच गं.’ आणि मग गाय काढली. माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली गाय.

थांब, उठू नकोस. अजून आहे. मी हे सांगणार नव्हतो, तू येणार म्हटल्यावर सकाळीच ठरवलं होतं, वार्निशपर्यंत गेलंच तर तिथं थांबायचं. पण तू अशी बघतेस.

पहिल्या वर्षी ती गाय नुसत्या टर्पेंटाइनच्या चिंधीनं निघाली असती. पाच मिनिटांत. खाली मेलानी जशीच्या तशी. मला एकच वाक्य बोलायचं होतं – लीव्हन, मध्ये वार्निश आहे, पूस. त्याला कुठून कळणार वार्निश आहे ते? त्याला वाटलं, ओल्या रंगावर रंग गेला, दोन्ही एक झाले, गाय खरवडली तर तीही जाईल. म्हणून त्यानं हात लावला नाही. म्हणून भिंतीकडे तोंड. फळ्यांच्या पलीकडे तो, अलीकडे मी, एका वाक्याचं अंतर, अकरा वर्षं. रोज म्हणायचो, आज सांगू. पण वार्निश आहे सांगायचं म्हणजे, ती कोण आहे हे मला ठाऊक होतं, हे सांगायचं. मग खूण कुठली आणि प्रामाणिक चूक कुठली. तोवर गावभर सांगून झालं होतं मी. आणि पदक होतं. रविवारी चर्चनंतर माणसं यायची पदक बघायला, मी बाहीनं पुसून दाखवायचो.

तो शेवटचा पडून होता तेव्हा तू चौदा वर्षांची होतीस. बाहेर पायरीवर बसली होतीस शेंगा सोलत, भांड्यात दाणे पडल्याचा आवाज आत येत होता. त्यानं मला जवळ बोलावलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. छातीतून शिट्ट्या वाजत होत्या त्याच्या. भिंतीकडे बोट केलं, त्या उलट्या चित्राकडे. म्हणाला, ‘सेराफ, तू रंगातला माणूस. खाली काही उरलं असेल का रे?’ असं विचारलं, अजिजीनं. ‘पोरीला दाखवायला.’

आणि मी म्हणालो, ‘नाही, लीव्हन. रंग रंगाला खातो.’

असंच म्हणालो. सकाळचे अकरा-साडेअकरा झाले असतील, खोलीभर ऊन होतं, सगळं स्पष्ट दिसत होतं, त्याचे डोळे पण. त्यानं मान हलवली. म्हणाला, ‘हं. मला वाटलंच.’ आणि माझा हात धरला, माझा, थोपटला – जणू माझंच कुणी गेलंय. तू शेंगा सोलत होतीस.

बोल काहीतरी. नको, नको बोलूस. तुझं काही ऐकायची माझी लायकी नाही. माफी मागत नाही मी, समजलं? मागितली तर तू चांगली आहेस, देशील, आणि मग मी रात्री झोपेन. मला नकोय झोप. तू फक्त ऐक, नीट ऐक, त्या गेंटच्या पोराला सांग. आता नुसत्या टर्पेंटाइननं व्हायचं नाही, चाळीस वर्षांचा रंग आहे, त्यात स्पिरिट मिसळावं लागेल, थोडं थोडं, कापसाच्या बोळ्यानं. वार्निश मऊ झालं की गाय वरून सुटेल. शेपटीकडून सुरू कर म्हणावं, तिथं खाली नुसती चादर आहे, चुकलं तरी चालेल. मग मागचे पाय. मग कूस. डोकं शेवटी, तिचा हात गाईच्या डोक्याखाली आहे. तिथं वार्निश कमी लागलंय, तिथं माझा – तिथं मी घाई केली होती. तिथं बोळा दाबू नको म्हणावं, नुसता टेकवायचा.

त्याचा फोटो काढून ठेवू? कुणाचा, गाईचा? कशाला? नको. तो म्हणतो का तसं, की गाय पण जपण्यासारखी आहे म्हणून? खरंच म्हणाला? काय म्हणाला, कुशीवरच्या सावलीबद्दल काही बोलला का? – बघ. बघ मी कसा आहे ते. अजून. पुसून टाक ती. सगळी. एक शिंग ठेवू नकोस.

तोंड नाहीये तिला, आधीच सांगून ठेवतो, गाय निघाल्यावर निराश होऊ नकोस. ठिपका आहे नुसता. पण हात बघ. मघाशी तू फाटकातून आलीस तेव्हा वारा आला आणि तुझा हात असा टोपीवर गेला, तळवा उघडा, कोपर बाहेर. मी खिडकीत उभा होतो. तुला ते कुणी शिकवलं नाही, आणि तुला ते माहीत पण नाही.

चित्र उचल. कापड नीट गुंडाळ, कोपरे मोकळे राहिलेत. इथून खाली उतरलीस की पावणेपाचची गाडी मिळेल गेंटची, आजच नेऊन दे त्याला, उद्यावर टाकू नकोस, उद्यावर टाकलेल्या गोष्टींचं काय होतं ते – बरं. मला दाखवायला आणू नकोस. आणि ते पदक काढ खिळ्यावरून, घेऊन जा, नदीत टाक नाहीतर काय करायचं ते कर.

हो, ये.

काय म्हणालीस? – नाही. काका नको म्हणूस मला. जा, दार ओढून घे.